थारला ट्रेलर ओढायचा हिच का बसवून दिला नाही, एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. ऑनलाइन मागवलेला ट्रेलर हिच (गाडीच्या मागं ट्रेलर जोडायचा लोखंडी जोड) घेऊन आलो तर बसवून दिला नाही, चार दिवस गाडी ठेवा म्हणाले, पैसे दुप्पट सांगितले, आरटीओची भीती घातली आणि शेवटी दुसरीकडं दोन तासात बंपरला वेल्डिंग मारून काम झालं, असं तुम्ही लिहिलंय. वर हे पण की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका पिनवर कारखान्यापर्यंत जातात मग थारच्या मागं एवढ्याशा ट्रेलरला इतका बाऊ कशाला. तुम्हाला राग आला ते समजतंय, लांबून आला होता आणि काम न होता परत गेला. पण हे वाचून उद्या अजून कोणतरी बंपरला हिच मारून करूळ घाट उतरेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ट्रॉलीचं सांगतो कारण हा प्रश्न इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्हाला सारखा विचारतात. ट्रॅक्टरची ती पिन ज्या लोखंडात बसते ते मागच्या हाउसिंगच्या खाली कंपनीनंच ओढायसाठी दिलेलं असतं, आणि ट्रॅक्टर चालतो सावकाश. थारचा मागचा बंपर ओढायसाठी केलेलाच नाही, तो धक्का खायला केलाय आणि चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, मोजक्या बोल्टवर टांगलेला असतो. वेल्डिंग कितीही छान असू द्या, जोर शेवटी त्या बोल्टांवर आणि पातळ पत्र्यावरच येणार. भरलेला ट्रेलर ६०० किलो धरा, त्याचा साधारण दहावा हिस्सा म्हणजे ६० किलो तर हिचच्या बॉलवर (ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर बसतो तो) उभा दाबूनच असतो, तो पण गाडी नुसती उभी असताना. खड्डा आला की तोच दाब झटक्यानं कितीतरी वाढतो, चढाला ट्रेलर मागं खेचतो, उताराला ब्रेक दाबला की मागून ढकलतो. असं पुढं-मागं, वर-खाली रोज झालं की वेल्डच्या कडेला तडा जातो, आणि तो पहिल्या ट्रिपला दिसत नाही. "काय झालं नाही अजून" असं तुम्ही लिहिलंय ना, मला काळजी त्या अजूनचीच आहे.

आता तुम्ही आणलेल्या हिचबद्दल. आमचाच माल घ्या असं आम्ही म्हणालो नव्हतो, कुठूनही घ्या पण किती किलोचा आहे ते त्याच्यावर लिहिलेलं पाहिजे, असं म्हणालो होतो. तुमच्या हिचवर ना प्लेट ना आकडा. भोकं चॅसीच्या भोकांना जुळत नव्हती, म्हणजे चॅसीत नवीन भोकं पाडायला लागणार. चॅसी डब्यासारखी पोकळ असते, तिच्यातनं आरपार बोल्ट घालून आवळला की पत्रा आत दबतो, मग बोल्ट घट्ट वाटतो पण चार दिवसात ढिला पडतो. म्हणून आत जाड नळीचा स्लीव्ह घालावा लागतो, तसला काहीच त्या किटमध्ये नव्हता. बोल्टच्या डोक्यावर ग्रेड (बोल्ट किती मजबूत आहे त्याचा आकडा) पण नव्हता, आम्ही ८.८ च्या खालचा बोल्ट या कामाला लावतच नाही, शक्यतो १०.९.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॉल. तुमच्या ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारी वाटी) ५० एमएमचा, आणि किटमधला बॉल १ पूर्णांक ७/८ इंची म्हणजे ४७.६ एमएम. दोन-अडीच एमएमचा फरक डोळ्याला दिसत नाही, कपलर बसतो, लॉक पण लागतं, आणि मग एखाद्या स्पीडब्रेकरवर ट्रेलर उडून बाहेर येतो. काउंटरवर आमच्या पोरानं व्हर्निअर लावून तुम्हाला दाखवलं होतं, तुम्ही तेव्हा फोनवर होता त्यामुळं कदाचित लक्षात आलं नसेल. हा बॉल लावून गाडी बाहेर सोडायला मी तयार नव्हतो आणि पुढं पण नसणार, कुणाचीही गाडी असू दे.

चार दिवस कशाला लागतात तर गाडी खालून मोजून ब्रॅकेट कापायचे, चॅसीच्या दोन्ही बाजूला पकडतील असे, मग प्राइमर, कलर, वायरिंग. तुम्ही ऑफरोडला नेणार म्हणाला होता, मग रिसीव्हरची नळी (गाडीला पक्की असते ती, बॉलची जीभ हिच्यात बसते) जमेल तेवढी वर, चॅसीच्या दोन पट्ट्यांच्या मधे घ्यायला लागते, नाहीतर ओढ्यातून वर चढताना पहिलं हिचच जमिनीला घासतं आणि गाडीचा मागचा अँगल (मागचा भाग न घासता चढ-उतार पार करायची मुभा) फुकट जातो. जीभ, म्हणजे बॉल बसवलेली पट्टी, काढता-घालता येणारी पाहिजे. गाडी लिफ्ट केलेली (उंच केलेली) असेल तर ड्रॉप देऊन बॉल खाली आणायचा, कारण ट्रेलरचं नाक वर राहिलं की बॉलवरचा दाब कमी होतो आणि ट्रेलर मागं शेपटी हलवायला लागतो. एकदम खडकाळ रस्त्याला तर साधा बॉल पुरतच नाही, गाडी एकीकडं आणि ट्रेलर दुसरीकडं कलला की कपलर अडकतो, तिथं सगळीकडं फिरणारा जोड लागतो. वायरिंगचं पण तसंच, टेल लॅम्पच्या वायरला नुसता टॅप मारला की नव्या गाड्यांत डॅशवर एरर येतात, रिले टाकून वेगळी लाइन आणि सात पिनचा सॉकेट द्यावा लागतो. शेवटी टॉर्क रेंचनं आवळून, भरलेला ट्रेलर लावून चक्कर मारून, परत सगळे बोल्ट चेक. दुप्पट पैसे याचेच आहेत.

आरटीओचं भीती घालायला नव्हतं सांगितलं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं याच कलमावर क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (बंपरवर लावायचे लोखंडी दांडे) कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं. ते गार्डबद्दल होतं, मागच्या हिचबद्दल नव्हतं, पण कलम तेच आहे, आणि ट्रेलर कायद्यानं स्वतःच मोटर वाहन आहे म्हणून त्याची नोंदणी वेगळी लागते. म्हणून आधी आरटीओत विचारून या म्हणालो.

अजून एक राहिलं आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जाताना तुम्ही म्हणाला की शाहूवाडीकडं चिखलात मित्रांच्या गाड्या अडकतात, हिच असला की बॉलला पट्टा टाकून ओढता येईल. दादा, हे कधीच करू नका, आमचा हिच असला तरी. बॉल ट्रेलर ओढायला असतो, झटका मारून रुतलेली गाडी काढायला नाही. ताणलेल्या पट्ट्यावर बॉल तुटला तर तो गोळीसारखा सुटतो आणि काच फोडून आत येतो, ऑस्ट्रेलियात अशानं माणसं गेलीत. रिकव्हरीला बॉलची जीभ काढायची, रिसीव्हरमध्ये रेटेड शॅकलचा (किती वजनाचा ते लिहिलेल्या, पट्टा अडकवायच्या कडीचा) ब्लॉक घालायचा, तो पण रिसीव्हर चॅसीला पक्का असेल तरच. तुमच्या आत्ताच्या बंपरच्या हिचला तर अजिबात नाही.

स्टार बदला असं मी म्हणत नाही, तुमच्या मनाला येईल ते ठेवा. फक्त पुढच्या ट्रिपच्या आधी एकदा गाडी घेऊन या, खालून बघून देतो, वेल्डला तडा आहे का, बंपरचे बोल्ट हललेत का, याचे पैसे नाहीत. रविवारी बंद असतो, बाकी कधीही या. आणि यायच्या आधी ट्रेलर जोडूच नका, बॉल तोच ठेवलाय का बदललाय ते घरीच बघा, बऱ्याच बॉलच्या वरच्या सपाट भागावर साइज कोरलेली असते. ५० लिहिलेलं नसेल तर फोटो काढून पाठवा.