पंधरा दिवसांच्या चित्रीकरणात मिस्त्री मावत नाही

‘अनुभवी माणूस गेला, तरी कंपनी थांबणार नाही’ अशा मथळ्याचा एक संदेश उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या जोरात फिरतो आहे. त्यात पाच मुद्दे आहेत. पहिला : निवृत्तीला आलेल्या कर्मचाऱ्याच्या कामाचे पंधरा दिवस चित्रीकरण करा, त्याला प्रश्न विचारून उत्तरे उतरवून घ्या, ते सगळे एआयला द्या, मग त्या माणसाला मुदतवाढ देण्याची गरज उरत नाही. दुसरा : कर्मचाऱ्यांचा एक-पंचमांश वेळ माहिती शोधण्यात वाया जातो, तो एआयमुळे शून्यावर येईल. तिसरा : माहिती दडवणाऱ्यांना वठणीवर आणण्यासाठी प्रत्येक नोंदीला गुण द्या आणि गुणांना पगारवाढ जोडा. चौथा : जपानी कंपन्या सगळे लिहून ठेवतात म्हणून पुढे गेल्या. पाचवा : नासाने चांद्रमोहिमेच्या अग्निबाणाचे नकाशे हरवले, म्हणून तिला पुन्हा चंद्रावर माणूस उतरवता आला नाही.

असले संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण कोल्हापूरजवळ फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, चालवणाऱ्या माझ्या दाजींनी तो मला पाठवताना खाली लिहिले होते, ‘हे आपल्याकडे लगेच करता येईल.’ ‘आपल्याकडे’ म्हणजे सँड प्लांट आणि मोल्डिंग (ओतकामाची वाळू तयार करणे आणि तिचे साचे बनवणे) वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मिस्त्रींची मुदतवाढ थांबवायची आणि त्यांच्या जागी एक कॅमेरा आणि एक सॉफ्टवेअर आणायचे. संदेशातले बाकीचे मुद्दे अर्धवट ज्ञानातून आलेले आहेत. पहिला मुद्दा मात्र थेट नुकसान करणारा आहे, म्हणून सर्वात जास्त जागा त्यालाच द्यावी लागेल.

मिस्त्री काय करतात, ते आधी पाहू. मिक्सरमधून पडणाऱ्या वाळूची मूठ ते उचलतात, आवळतात, तळहात उघडून बोटांचे ठसे कसे उमटले ते पाहतात, मग तो गोळा मधोमध मोडून त्याची कड न्याहाळतात आणि पाणी कमी करायला किंवा मिक्सर थोडा जास्त वेळ चालवायला सांगतात. प्रयोगशाळा नाही असे नाही. वाळूतला ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (दाबल्यावर ती किती बसते), ताकद, वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता, हे सगळे तिथे मोजले जाते आणि मिस्त्री ते आकडे पाहतातही. पण दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात वाळू बदलते. सकाळपासून जड कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मोल्ड चालले असतील, तर दुपारी शेकआउटवरून (ओतलेला भाग साच्यातून झाडून काढतात तिथून) परत येणारी वाळू तापलेली असणार, आणि तापलेल्या वाळूत घातलेले पाणी मोल्ड बंद होईपर्यंत टिकणार नाही, हे त्यांना सकाळीच ठाऊक असते. पावसाळ्यात नवी वाळू ओली येते, तेव्हा हाच हिशेब उलटा फिरतो. चुकला की ब्लो होल (वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्या) किंवा वाळू धुपल्याचे दोष कास्टिंगमध्ये येतात आणि ते कधीकधी थेट गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये उघडे पडतात.

आता पंधरा दिवसांच्या चित्रीकरणात यातले काय सापडेल? मूठ सापडेल. ती आवळण्याचा क्षणही सापडेल. पण ते पंधरा दिवस मार्चमधले असतील, तर त्यात जुलै नसेल. मुलाखतीत उत्तरे मिळतात ती विचारलेल्या प्रश्नांची, आणि विचारणाऱ्याला सकाळच्या जड कास्टिंगचा दुपारच्या वाळूशी संबंध आहे हेच माहीत नसेल, तर तो प्रश्न येणार कुठून? मिस्त्री आपण होऊन सांगणार नाहीत. त्यांना ते सांगण्याजोगे वाटतच नाही, कारण त्यांच्या लेखी ती रोजची उघड गोष्ट आहे. यात दडवादडवी कसलीही नाही.

हे फक्त कोल्हापूरच्या वाळूबद्दल आहे असे ज्यांना वाटेल, त्यांच्यासाठी अमेरिकेचा एक दाखला देतो, आणि तो सरकारी तपासणीतून बाहेर आलेला आहे. पाणबुडीवरून सोडल्या जाणाऱ्या ट्रायडेंट क्षेपणास्त्रांवरील डब्ल्यू-७६ या अण्वस्त्रात ‘फॉगबँक’ असे टोपणनाव असलेला एक पदार्थ वापरला जातो. टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथील वाय-१२ कारखान्यात तो १९७५ ते १९८९ या काळात तयार होत होता. पुढे २००० नंतर या अस्त्रांचे आयुष्य वाढवण्याचे काम निघाले, तेव्हा तोच पदार्थ पुन्हा बनवायचा होता आणि तो कोणालाच बनवता येईना. अमेरिकी सरकारच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ने मार्च २००९च्या अहवालात कारण नोंदवले आहे : उत्पादनप्रक्रियेच्या नोंदी फार थोड्या ठेवल्या गेल्या होत्या आणि ती जाणणारे जवळजवळ सगळे कर्मचारी निवृत्त झाले होते किंवा सोडून गेले होते. कार्यक्रम रखडला आणि ही अडचण निस्तरण्यासाठी ६ कोटी ९० लाख डॉलर खर्च झाले.

इथपर्यंत वाचून संदेशाचे समर्थक म्हणतील की पाहा, नोंदी ठेवल्या असत्या तर हे झाले नसते. खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेच्या लॉस अलामॉस या अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या नियतकालिकात त्याच वर्षी या प्रकरणाचे उरलेले अर्धे सांगितले गेले. नव्या पथकाने जुनी प्रक्रिया जमेल तितकी जशीच्या तशी उभी केली, तरीही पदार्थाला हवे ते गुणधर्म येत नव्हते. शोध घेतल्यावर असे दिसले की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्ध घटक असे आणि नव्या, अधिक चांगल्या शुद्धीकरणात तो निघून जात होता. तो घटक अंतिम पदार्थासाठी आवश्यक होता आणि ही गोष्ट मूळ उत्पादन करणाऱ्या लोकांनाही माहीत नव्हती. म्हणजे त्या सगळ्यांना १९८९ साली कॅमेऱ्यासमोर बसवून पंधरा दिवस नव्हे, वर्षभर प्रश्न विचारले असते, तरी ते उत्तर मिळाले नसते. काम चालू असते, माणसे एकमेकांच्या शेजारी उभी असतात, माल बिघडला की तो का बिघडला यावर तिथल्या तिथे वाद होतो, तेव्हा असल्या गोष्टी हाती लागतात. उत्पादन थांबले आणि माणसे पांगली की कागद असूनही पंचाईत होते.

आता एक गोष्ट, जरा नाखुशीनेच, मान्य करतो. एआयमुळे अनुभवी माणसाचे कौशल्य नवख्यापर्यंत पोहोचते, हे विधान सरसकट खोटे नाही. अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्राहकांना लेखी संवादातून मदत करणाऱ्या सुमारे ५ हजार कर्मचाऱ्यांना एआयचा सहायक दिल्यावर त्यांची उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली, आणि नवख्यांची तर सुमारे एक-तृतीयांशाने. पण ते काम मुळातच लेखी होते. कुशल कर्मचारी काय बोलतात, याची ओळन् ओळ आधीपासून संगणकात साठत होती; वेगळे काही टिपून घ्यावे लागलेच नाही. शिवाय सर्वात अनुभवी कर्मचाऱ्यांना त्या सहायकाचा फारसा फायदा झाला नाही, कारण तो त्यांच्यासारख्यांच्याच उत्तरांवर शिकलेला होता. ती मंडळी उद्या घरी बसवली, तर परवा येणाऱ्या नव्या अडचणीचे उत्तर सहायक कोणाकडून शिकणार, हे संदेशात सांगितलेले नाही. वाळूच्या मुठीची तर कोणतीच ओळ कुठे साठत नाही.

लिहून ठेवण्यालाही माझा विरोध नाही. फॉगबँकच्या नोंदी पुरेशा असत्या, तर त्रास नक्कीच कमी झाला असता. पण नोंद कोण करतो, याला महत्त्व आहे. मिस्त्रींसोबत एक पावसाळा आणि एक उन्हाळा काम केलेला मुलगा जेव्हा लिहितो आणि मिस्त्री ते ऐकून ‘असं नाही’ म्हणून दुरुस्त करतात, तेव्हा तो कागद कामाचा ठरतो. त्यासाठी मिस्त्री जागेवर असावे लागतात, आणि संदेश तर त्यांना घालवण्यासाठीच लिहिलेला आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. एक-पंचमांशाचा आकडा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या ‘ग्लोबल इन्स्टिट्यूट’च्या २०१२च्या अहवालाशी जुळतो, पण त्या अंदाजात कंपनीअंतर्गत माहिती शोधण्याबरोबरच मदत करू शकेल असा सहकारी गाठण्यात जाणारा वेळही धरलेला आहे. म्हणजे लोक कागदाइतकेच माणसालाही शोधत असतात. संदेशाचा उपाय असा की तो माणूसच काढून टाकावा.

तिसरा मुद्दा ऐकायला कडक वाटतो आणि म्हणूनच मालकांना आवडतो. त्याचा प्रयोग आपल्याच देशात, चांगल्या साधनसंपन्न कंपनीत होऊन गेला आहे. इन्फोसिसने ‘के-शॉप’ नावाचे अंतर्गत ज्ञानभांडार उभारले होते, आणि त्यात लेख देणाऱ्यांना व ते तपासणाऱ्यांना ‘नॉलेज करन्सी युनिट’ नावाचे गुण मिळत. रघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनी ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या संशोधनपत्रिकेत २००५ साली या प्रयोगाची बारकाईने मांडणी केली आहे. गुण सुरू होताच लेखांचा पूर आला. गुणांसाठी लिहिलेल्या मजकुराची भर पडू लागली, तपासणाऱ्यांवर ताण आला, आणि उपयोगाचे काय ते शोधणे वापरणाऱ्यांना अवघड होऊन बसले. पुढे कंपनीला योजनेत बदल करून संख्येऐवजी उपयुक्ततेकडे लक्ष वळवावे लागले. इन्फोसिसकडे निदान तपासणारे तज्ज्ञ होते. लहान कारखान्यात प्रत्येक नोंदीला पगारवाढ जोडली, तर ‘मशीन सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच चालू करावा’ अशा नोंदींनी रजिस्टर भरेल, आणि ज्याला लिहिण्याचा सराव नाही तो सर्वात जाणता माणूस गुणांच्या यादीत तळाला राहील.

झेरॉक्स कंपनीत याच्या उलट वाट धरली गेली. तिचे छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ काम कसे शिकतात, हे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्याबरोबर हिंडून पाहिले, तेव्हा दिसले की हट्टी बिघाडांची उत्तरे बहुतेक वेळा छापील पुस्तिकेत नसून तंत्रज्ञांच्या आपसातल्या गप्पांत असतात. त्यानंतर ‘युरेका’ नावाची जी प्रणाली उभी राहिली, तिच्यात तंत्रज्ञांनीच सुचवलेल्या युक्त्या तंत्रज्ञच तपासत आणि प्रत्येक युक्तीवर देणाऱ्याचे नाव असे. रोख बक्षिसापेक्षा त्यांना ते नाव महत्त्वाचे वाटले. आणि ‘दडवणारा’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो बरेचदा एवढेच पाहत असतो की सांगून झाल्यावर आपली गरज संपणार आहे का. पहिला मुद्दा त्याला ‘होय’ असे उत्तर देतो आणि तिसरा मुद्दा त्याच्याकडून मोकळेपणाची अपेक्षा करतो. एकाच संदेशात हे दोन्ही लिहिणाऱ्याने आपले लिखाण एकदा तरी वाचून पाहायला हवे होते.

जपानचा मुद्दा तर उलटाच सांगितला आहे. जपानी कंपन्यांतील ज्ञानाबद्दल ज्यांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, त्या इकुजिरो नोनाका यांनी १९९१ साली दिलेले प्रसिद्ध उदाहरण मात्सुशिता कंपनीच्या घरगुती ब्रेड यंत्राचे आहे. १९८५ साली ते यंत्र कणीक नीट मळत नव्हते. अभियंत्यांनी यंत्राने मळलेल्या आणि माणसाने मळलेल्या कणकेची क्ष-किरण छायाचित्रेसुद्धा ताडून पाहिली, तरी काही उमगेना. शेवटी इकुको तानाका ही सॉफ्टवेअर विभागातली तरुणी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारीला राहिली, तेव्हा तो कणीक विशिष्ट प्रकारे ताणतो हे तिच्या लक्षात आले, आणि ते यंत्रात उतरवायला अभियंत्यांसोबत सुमारे वर्षभर खटपट करावी लागली. यात लिखाण आहे, पण ते शेवटी आहे.

राहता राहिली नासा. चांद्रमोहिमेच्या त्या अग्निबाणाचे, म्हणजे सॅटर्न-५चे, नकाशे हरवलेले नाहीत. ते नासाच्याच हंट्सव्हिल येथील मार्शल अंतराळ केंद्रात मायक्रोफिल्मवर जपलेले आहेत. पुन्हा माणसे उतरवण्याचे काम अडले ते प्रामुख्याने पैसा आणि राजकीय इच्छा यांपाशी. शिवाय नकाशे असूनही काय होते, ते तिथेच दिसले. त्या अग्निबाणाच्या एफ-१ इंजिनाचा अभ्यास करताना मार्शलच्या तरुण अभियंत्यांना जुने इंजिन प्रत्यक्ष खोलून, त्याचे भाग त्रिमितीय पद्धतीने मोजून पाहावे लागले, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी त्याचा गॅस जनरेटर (इंजिनाचे इंधनपंप फिरवणारा भाग) पुन्हा पेटवून दाखवला. प्रत्येक इंजिन जवळपास हाताने बांधलेले होते, आणि वेल्डर व फिटर यांनी जागेवर केलेल्या कितीतरी तडजोडी नकाशांवर चढलेल्याच नव्हत्या. नासाचे नशीब असे की खोलायला इंजिन शिल्लक होते. मोल्डिंगच्या वाळूचे तसे नसते. ती रोज फुटते, रोज नव्याने मिसळली जाते, आणि कालचा निर्णय तिच्यात कुठेही वाचता येत नाही. तेव्हा कॅमेरा हवा तर जरूर घ्यावा, पण मिस्त्रींची मुदतवाढ निदान पुढचा पावसाळा पार होईपर्यंत कायम ठेवावी आणि सँड प्लांटवर त्यांच्या शेजारी त्याच पाळीत एक मुलगा आजपासून उभा करावा, असे मी दाजींना कळवले आहे.