एसएमपीएस उघडायचा नाही म्हणजे नाही

'उन्हाळ्यात धुळीमुळे कॉम्प्युटर जळतो, हे पाच उपाय करा' असा एक फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर फिरतोय. सोडून दिला असता, पण काकांनी खाली लिहिलं, 'रविवारी करून बघतो.' म्हणून हे लिहावं लागतंय.

तिसरा उपाय आधी घेतो, कारण तो जिवावर बेतणारा आहे. तो आहे एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. 'प्लग काढा, एसएमपीएसचे स्क्रू खोला, आतली धूळ ओल्या फडक्याने पुसा. प्लग काढल्यावर करंट नसतो.' असतो! घरातल्या २३० व्होल्ट एसीचं त्या डब्यात आधी डीसी होतं, साधारण ३२५ व्होल्ट, आणि ते आतल्या जाड कपॅसिटरमध्ये साठून राहतं. प्लग काढल्यावर ते उतरायला बहुतेक ठिकाणी रेझिस्टर असतो, मान्य. पण जुन्या, स्वस्तातल्या सप्लायमध्ये तो आहे का, असला तर धड आहे का, बाहेरून काय कळणार? त्यात फडकं ओलं! डब्यावरचा धोक्याचा स्टिकर शोभेला लावलेला नसतो. एसएमपीएसची धूळ प्लग काढून, बाहेरच्या जाळीतूनच ब्लोअरने उडवायची. बस्स.

'६० अंशांच्या वर प्रोसेसर जळतो.' हे कुठून आणलं? काकांच्या मशीनमध्ये आहे तो कोअर आय५-१०४०० घ्या. खुद्द इंटेलने त्याची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस दिलीय. तिथवर पोचला की तो आपणहून वेग कमी करतो, त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. त्यामुळे धूळ साचल्याची खूण म्हणजे पंख्याचा घोंघाट आणि रडतखडत चालणारं मशीन.

'चालू असतानाही कव्हर घाला' यावर काय बोलायचं? गरम हवा बाहेर जायची वाटच बुजवायची आणि म्हणायचं गरम होतो.

'बाजूचं झाकण काढून ठेवा' हे मात्र अर्धं खरं आहे. कोंदट कॅबिनेट असेल तर तापमान तेवढ्यापुरतं उतरतं. पण मग धूळ दुप्पट, शिवाय पाली-झुरळांना आमंत्रण. त्यापेक्षा पुढच्या जाळीला फिल्टर लावा आणि तो अधूनमधून धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा.

व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आतल्या सर्किट बोर्डावर फिरवू नका, स्टॅटिक विजेचा धोका असतो.

खरी धूळ बसते ती प्रोसेसरच्या पंख्याखाली. पंखा उचलला की हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांवर करड्या नमद्यासारखा थर दिसतो. घरात उदबत्ती आणि फोडणीचा धूर असला की तो चिकटही होतो. नुसतं वरून फुंकून तो निघत नाही. कॅबिनेट गॅलरीत न्या, नाकाला रुमाल बांधा, मऊ ब्रशने थर सुटा करा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू दिलं तर बेअरिंग जातं. आणि कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, झाडू मारताना उडणारा निम्मा केर त्यातच जातो.