रबरी ऑक्टोपस माफ, पण त्या शार्कचं काय

काल झोप येईना म्हणून यूट्यूबवर १९१६ चा ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ लावला, मूकपट. मोती काढायला बुडी मारलेल्या माणसाला ऑक्टोपस धरतो आणि कॅप्टन नेमो येऊन सोडवतो. ऑक्टोपस रबरी, हात असे वळवळतात की अंगणात पाण्याचा पाइप सुटलाय जणू. एकटाच खिदळत बसलो.

पण गंमत बघा, पिक्चर बहामाच्या समुद्रात खरोखर पाण्याखाली शूट केलाय. पाण्याखालचं शूटिंग करणाऱ्या विल्यमसन बंधूंच्या वडिलांनी एक लांब लवचीक नळी बनवलेली, ती बोटीतून खाली सोडायची, टोकाला जाड काचेची खोली, कॅमेरावाला आत कोरडा बसणार. म्हणजे पाणी खरं, मासे खरे, फक्त राक्षस खोटा, आणि लोकांनी कधी समुद्राचा तळच बघितला नव्हता तर त्यांना राक्षसही खराच वाटणार ना. याच मंडळींनी १९१४ मध्ये शार्कशी सुऱ्याने मारामारी दाखवलेली, आणि शार्क यावा म्हणून पाण्यात मेलेला घोडा सोडला होता. जेवायला बोलवायचं आणि वर व्हिलन ठरवायचं!

मग जुन्या पिक्चरांमधला तो राक्षसी शिंपला, डायव्हरचा पाय पकडून बुडवणारा. अमेरिकन नेव्हीच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्येसुद्धा एकेकाळी त्याचा स्नायू कापून पाय कसा सोडवायचा ते लिहिलेलं. आता हा बिचारा मिटतो तेच सावकाश, फार मोठा झाला की पूर्ण मिटताही येत नाही, आणि जगतो मुख्यतः अंगातल्या शेवाळावर. त्याने माणूस मारल्याची खात्रीची नोंद एकही नाही. खरा डेंजर तो निळ्या कड्यांचा ऑक्टोपस, तळहाताएवढासुद्धा नाही पण विष जीवघेणं. त्याला कोण व्हिलन करणार, पडद्यावर दिसणार काय?

हे सगळं हसण्यावारी नेतो मी. पण १९५६ चा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा माहितीपट नाही नेता येत. फ्रेंच समुद्र-संशोधक कुस्तोची बोट, तिच्या पंख्यात व्हेलचं पिल्लू सापडतं, त्याला गोळी घालतात, रक्तावर शार्क येतात आणि मग बोटीवरचे लोक तेच शार्क डेकवर ओढून बडवून मारतात. जखमी केलं कुणी आणि राग कुणावर! इथे रबर नाही काही, खरं रक्त. कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये सर्वोच्च पुरस्कार, वर ऑस्कर. कुस्तो पुढे समुद्र वाचवायला आयुष्यभर बोलला, मान्य, पण तो सीन आहे तिथेच आहे.

(मी मालवणी आहे, मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण आवडीने खातो, तेव्हा मला प्राणीमित्र वगैरे म्हणू नका. खायला मारणं वेगळं, हे वेगळं.)

आणि ‘शार्क उगाच अंगावर येत नाही हे तेव्हा कुणाला माहीत होतं’ हेही सांगू नका. हान्स हास हा ऑस्ट्रियन डायव्हर त्या पिक्चरच्या आधीपासून पिंजऱ्याशिवाय शार्कमध्ये पोहत होता, शार्क फारच जवळ आला तर पाण्यातच जोरात ओरडायचा. त्याचा तांबड्या समुद्रातला १९५१ चा पिक्चर कुणाकडे सबटायटलवाला असेल तर प्लीज कमेंटमध्ये लिंक टाका, मला जर्मन येत नाही.