रग्बी लीगचे पहिले ‘सर’ आणि एक अर्धवट दावा

जून 2025 मध्ये ब्रिटनच्या राजाच्या वाढदिवसानिमित्त निघालेल्या सन्मानयादीत, रग्बीच्या ‘रग्बी लीग’ या प्रकारातले जुने खेळाडू बिली बॉस्टन यांना ‘सर’ हा किताब जाहीर झाला आणि तेव्हापासून एक दावा सर्रास पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: रग्बी लीग हा उत्तर इंग्लंडमधल्या चार गावांचा खेळ असल्यामुळे 130 वर्षांत त्याला एकही राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही; अखेर नव्वदीतल्या एका आजारी खेळाडूकडे पाहून दया आली; आणि आता जुना हिशेब चुकता झाला. यातले एवढेच खरे, की रग्बी लीगमधील कामगिरीसाठी ‘सर’ झालेले बॉस्टन हे पहिलेच. बाकीची विधाने तपासली की टिकत नाहीत.

‘एकही सन्मान नाही’ हे तर सरळ चूक आहे. विगन क्लबचे कर्णधार एरिक अ‍ॅश्टन यांना 1966 मध्ये, तर खेळाडू क्लाइव्ह सलिव्हन यांना 1974 मध्ये, एलरी हॅन्ली यांना 1990 मध्ये आणि खुद्द बॉस्टन यांना 1996 मध्ये एमबीई हा ब्रिटिश राष्ट्रीय सन्मान मिळाला होता. मात्र एमबीई, ओबीई आणि सीबीई या पायऱ्या ओलांडल्यावर नाईटहूड, म्हणजे ‘सर’ हा किताब येतो, आणि 2025 पूर्वी या खेळातील कामगिरीसाठी तिथवर कोणी पोहोचू शकले नाही. तक्रार करायचीच असेल तर ती खालच्या पायरीवर थोपवून धरल्याची करावी. शिवाय कशासाठी सन्मान दिला, हेही पाहावे लागते. 2024 च्या आरंभी रॉब बरो आणि केव्हिन सिनफिल्ड या लीड्स क्लबच्या जोडीला सीबीई मिळाले, ते मोटर न्यूरॉन या मज्जातंतूंच्या आजाराविषयी केलेल्या जनजागृतीसाठी. न्यूझीलंडचे प्रशिक्षक ग्रॅहम लो 2019 मध्ये ‘सर’ झाले, पण तेही युवक आणि शिक्षण क्षेत्रातील सेवेसाठी.

आता ‘चार गावांचा खेळ’. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी रग्बीचा मूळ प्रकार चालवणाऱ्या रग्बी युनियनशी फारकत घेतली, कारण शनिवारी सामना खेळण्यासाठी खाणीतली किंवा गिरणीतली मजुरी बुडवणाऱ्या खेळाडूला भरपाई देणे युनियनला मान्य नव्हते. इंग्लंडमधला प्रसार मुख्यतः उत्तरेपुरता राहिला हे कबूल, परंतु 5 मे 1954 रोजी ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांच्यातील चॅलेंज चषकाच्या अंतिम लढतीचा फेरसामना पाहायला 1,02,569 प्रेक्षकांची अधिकृत नोंद झाली. अशा खेळाला किरकोळ म्हणता येत नाही. उलट युनियनने लीगकडे गेलेल्या खेळाडूला 1995 पर्यंत आजन्म बहिष्कृत मानले, आणि त्याच युनियनचे प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांना 2004 मध्ये, खेळाडू गॅरेथ एडवर्ड्स यांना 2015 मध्ये नाईटहूड मिळाला. एडवर्ड्स स्वतः खाणकामगाराचे पुत्र असल्यामुळे हा भेद जन्मावरून झाला असे मी म्हणणार नाही. माझ्या मते तो दोन खेळांच्या सामाजिक प्रतिष्ठेतला भेद होता, आणि तो अन्यायकारक होता.

‘दया आली’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते. वेल्समधल्या कार्डिफच्या टायगर बे वस्तीत, सिएरा लिओनहून आलेल्या वडिलांच्या घरी वाढलेला बॉस्टन हा मुलगा 1954 मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, ग्रेट ब्रिटनच्या संघातून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यावर निवड झालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि त्याने तिथे 36 ट्राय केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे 36 वेळा चेंडू टेकवला. विगनसाठी 488 सामन्यांत 478 आणि संपूर्ण कारकिर्दीत 571 ट्राय, असा त्याचा लेखाजोखा आहे. 1957 मध्ये विश्वचषकानंतर संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेला गेला, तेव्हा तिथल्या वर्णभेदामुळे बॉस्टन यांना सहकाऱ्यांपासून वेगळे होऊन घरी परतावे लागले. या माणसाच्या किताबाला दया म्हणणे म्हणजे त्याची सारी कारकीर्द पुसून टाकणे होय. सन्मान वय झाल्यावर आणि प्रकृती खालावल्यावर मिळाला, तो लांबल्यामुळे; वय आणि प्रकृती हे सन्मानाचे कारण नव्हे.

राहता राहिला ‘हिशेब चुकता झाला’ हा मुद्दा. ब्रिटनमध्ये नाईटहूड मरणोत्तर दिला जात नाही, त्यामुळे झालेला उशीर काही जणांच्या बाबतीत कायमचाच ठरला आहे. 1972 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ल्योंमध्ये झाला. त्यात क्लाइव्ह सलिव्हन यांनी आपल्याच अर्ध्या भागात चेंडू उचलला आणि जवळजवळ सारे मैदान धावून जाऊन ट्राय केला. सामना 10-10 असा बरोबरीत सुटला आणि साखळीतील सरस गुणांवर चषक ग्रेट ब्रिटनला मिळाला. ब्रिटनच्या कोणत्याही राष्ट्रीय संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार होते. 1985 मध्ये, वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी, ते गेले.

उत्तर इंग्लंडमधल्या हल शहराने मात्र किताबाची वाट पाहिली नाही. हंबर पुलाकडून शहरात शिरणाऱ्या मुख्य रस्त्याला सलिव्हन यांचे नाव देण्यात आले. ते हल एफसी आणि हल केआर या शहरातल्या दोन्ही कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांकडून खेळलेले असल्याने, त्या पाटीखालून जाताना कोणत्याही बाजूच्या पाठीराख्याला ते नाव परके वाटत नाही. कार्डिफ बे भागात जुलै 2023 मध्ये बॉस्टन, सलिव्हन आणि याच खेळातले जुने खेळाडू गस रिस्मन यांचे एकत्रित शिल्प उभे राहिले. रिस्मन 1994 मध्येच वारले होते. त्या तिघांपैकी ‘सर’ ही हाक ऐकण्यासाठी एकटे बॉस्टन उरले होते.