चिमट्याने स्वप्न ओळखता येत नाही

स्वप्न आणि जागेपण यांतला फरक सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. स्वप्नात चिमटा काढला तर दुखत नाही, अक्षरे वाचता येत नाहीत, स्वप्न काही सेकंदांतच संपते, आणि स्वप्नही तितकेच खरे वाटत असल्यामुळे जागेपणही स्वप्नच असल्याचे आदि शंकराचार्यांनी सिद्ध केले आहे, असे त्यात म्हटले आहे.

चिमट्यापासून सुरुवात करू. कॅनडातील टोरे नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या व्यक्तींच्या पायाभोवती पट्टा फुगवून दाब दिला, तेव्हा काहींच्या स्वप्नांत स्पष्ट वेदना उतरली. भाजलेल्या रुग्णांनीही स्वप्नातल्या वेदनांची वर्णने केली आहेत. शिवाय चिमटा काढून पाहायचे तर आधी शंका यावी लागते, आणि जलद नेत्रहालचालींच्या झोपेत, म्हणजे ठळक स्वप्ने बहुतेक जिच्यात पडतात त्या झोपेत, नेमकी सारासार विचाराशी निगडित अशा, कपाळामागच्या मेंदूच्या भागांची क्रिया मंदावलेली असते. मेलेले आजोबा ओसरीवर चहा पीत बसलेले दिसले तरी आपल्याला नवल वाटत नाही, ते यामुळेच असावे.

वाचनाचा दावा अर्धवट खरा आहे. स्वप्नात वाचन क्वचित घडते आणि पुन्हा पाहिल्यावर मजकूर पुष्कळदा बदललेला असतो. पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असे नव्हे.

काही सेकंदांच्या समजुतीला बळ मिळाले ते एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच अभ्यासक मोरी यांच्या आठवणीमुळे. पलंगाची दांडी मानेवर पडताच गिलोटिनपर्यंतचे सगळे लांबलचक स्वप्न आपल्याला त्या क्षणी पडले, असे त्यांनी मानले. डिमेंट आणि क्लाइटमन या अमेरिकेतील झोपेच्या अभ्यासकांनी १९५७ साली हे तपासले. नेत्रहालचाली सुरू झाल्यावर ५ किंवा १५ मिनिटांनी उठवून, स्वप्न यांपैकी किती वेळ चालले असे विचारले असता, १११ पैकी ९२ वेळा उत्तर बरोबर आले.

शंकराचार्यांविषयीचा दावा मात्र केवळ चुकीचा नाही, तो उलटा आहे. ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’ (भेद असल्यामुळे जागेपण स्वप्नादींसारखे नाही) या ब्रह्मसूत्रावरील (२.२.२९) भाष्यात, जागेपणीचे ज्ञान स्वप्नासारखेच बाह्य वस्तूंवाचून होते असे मानणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचे ते खंडन करतात. स्वप्नात पाहिलेल्या वस्तूचा जागे होताच बाध होतो, म्हणजे ती खोटी ठरते, जागेपणी पाहिलेल्या खांबाचा तसा कोणत्याही अवस्थेत होत नाही, आणि स्वप्न हे स्मरण आहे तर जागृतीतले ज्ञान ही प्रत्यक्ष उपलब्धी आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेत आणि तिच्यावरील शंकराचार्यांच्या नावे असलेल्या भाष्यात दोन्ही अवस्थांचे साम्य सांगितले आहे, हे खरे. पण ते परमार्थाच्या, म्हणजे अंतिम सत्याच्या, दृष्टीने, आणि त्यावरून व्यवहारातला भेद पुसला जात नाही.

राहता राहिला, स्वप्नही खरे वाटते म्हणून जागेपणही स्वप्नच, हा तर्क. दारूच्या नशेत असलेला माणूस आपण शुद्धीवर आहोत असे छातीठोकपणे सांगतो, म्हणून शुद्धीवरच्या माणसाने आपल्या शुद्धीविषयी शंका घ्यावी, असे कोणी म्हणत नाही.