टोकदार वजन पाणी ‘कापतं’ म्हणे!

ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागून आमिष ओढत मासेमारी करणाऱ्यांत सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय. आमिष खोल न्यायला ते बोटीवरच्या डाऊनरिगर नावाच्या दांड्यावरून तारेने वजन सोडतात, गळाची दोरी त्या वजनाजवळ अडकवतात, आणि किती तार सुटली ते काउंटर दाखवतो. ‘शिशाचा गोल गोळा विसरा. टोकदार वजन घ्या, घासून आरशासारखं करा. ते पाणी कापत जाईल, तार सरळ उभी राहील आणि काउंटर दाखवतो त्याच खोलीवर आमिष राहील.’ ऐकताक्षणी पटतं. बाणाला टोक असतं, नावेला नाळ असते, मग वजनाला का नको?

आधी त्या टोकाचंच बघू. पाण्यात बुडालेल्या वस्तूला जी ओढ लागते, तिचा मोठा भाग मागच्या बाजूला तयार होतो. पाणी अंगालगत शेपटीपर्यंत सरकलं तर ठीक. मध्येच त्याने अंग सोडलं की मागे भोवऱ्यांचा, कमी दाबाचा पट्टा उरतो आणि तो वस्तूला मागे खेचतो. गोळ्याचा रोधगुणांक, म्हणजे आकारापायी पाणी किती अडवतं ते सांगणारा आकडा, साधारण 0.47 असतो. टोक पुढे आणि सपाट बूड मागे असा शंकू घेतला तर साधारण 0.5. एवढा खटाटोप करून हाती काय आलं? काहीच नाही. पुढून गोलसर आणि मागे लांब निमुळता होत गेलेला आकार मात्र 0.05च्या आसपास उतरतो. टूना मासा आठवा: पुढे भरलेला, शेपटीकडे बारीक. टोक हवंच असेल तर ते मागे हवं. सल्ला देणाऱ्यांनी वजन उलटं धरलंय, इतकंच.

आता ‘आरशासारखं’. साडेचार किलोचा शिशाचा गोळा सुमारे 9 सेंटीमीटर व्यासाचा भरतो. तो अडीच नॉटने, म्हणजे सेकंदाला 1.3 मीटर वेगाने ओढला, तर त्या आकाराला आणि वेगाला पाणी कितीही गुळगुळीत अंग लवकरच सोडतं. प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या लुडविग प्रान्टल या जर्मन शास्त्रज्ञाने 1914मध्ये उलटाच प्रयोग करून दाखवला होता. गुळगुळीत गोळ्यावर त्याने बारीक तारेचं कडं बसवलं आणि रोध घटला, कारण अंगालगतचा प्रवाह खवळला की तो जास्त मागेपर्यंत चिकटून राहतो. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे याचसाठी असतात. तेव्हा खडकांवर आपटून पोचे पडलेला जुना गोळा घासत बसू नका. त्या पोच्यांनी नुकसान तर नाहीच, झाला तर थोडा फायदाच होईल.

पण खरी गंमत तिसऱ्या दाव्यात आहे, ‘तार सरळ उभी राहील’ म्हणतात त्यात. सगळे गोळ्याकडे बघतात, तारेकडे कुणीच नाही. समजा 1 मिलिमीटर जाडीची तार 30 मीटर सोडली आहे. तिची समोरून दिसणारी बाजू झाली 300 चौरस सेंटीमीटर, गोळ्याची जेमतेम 65. शिवाय गोल तारेचा रोधगुणांक 1च्या आसपास, म्हणजे गोळ्याच्या दुप्पट. वरच्याच वेगाला गोळ्यावर सुमारे पाव किलोची ओढ बसते, आणि तार उभी आहे असं धरलं तर तिच्यावर अडीच किलोची! एकास दहा.

मी हा हिशेब गोड्या पाण्यासाठी शेवटपर्यंत करून पाहिला. गोळा लावून 30 मीटर तार सोडली, तर आमिष साधारण 27.8 मीटर खोल जातं आणि बोटीच्या सुमारे 10 मीटर मागे राहतं. आता गोळ्याच्या जागी असं जादूचं वजन घ्या, की ज्याला पाण्याचा रोधच नाही. खोली 28.3. अख्ख्या जादूची कमाई अर्धा मीटर. त्याऐवजी गोळा तोच ठेवून तार निम्म्या जाडीची केली, तर 29.2. (गळाची दोरी मी यात धरलेलीच नाही. 0.4 मिलिमीटरची दोरीही 30 मीटरला 120 चौरस सेंटीमीटर होते, गोळ्याच्या जवळजवळ दुप्पट.)

खात्री करायची तर होडी चालू असताना तारेला बोट लावा. ती थरथरत असते. पाण्याचे भोवरे तिच्या मागून आलटून पालटून सुटतात, या जाडीला आणि वेगाला सेकंदाला साधारण 260 वेळा. पेटीवरच्या पांढरी एकच्या अगदी जवळचा सूर. तार त्या तालावर डोलू लागली की ओढ आणखी वाढते.

‘मग नुसतं वजन वाढवा’ हा याच सल्ल्याचा जोडभाऊ. तो मात्र बराचसा खरा आहे. वजन दुप्पट केलं तर गोळ्याची समोरची बाजू 1.6 पटच होते आणि तारेची तर तेवढीच राहते, त्यामुळे तिरकेपणा जवळजवळ निम्मा होतो. फक्त ते वजन रोज हाताने वर ओढायचंय आणि डाऊनरिगरच्या दांड्याला पेलायचंय, हे आधी बघा. वेग तीन नॉटवरून दोनवर आणला तर ओढ निम्म्याहून खाली येते, आणि त्याला छदामही लागत नाही. अर्थात मासा त्या वेगाला आमिषाकडे फिरकला पाहिजे.

मग आकाराला काही अर्थच नाही? आहे, पण वेगळ्या कामासाठी. मागे माशासारखा पर, म्हणजे उभी पाती असलेलं वजन गिरक्या घेत नाही, दोरी तारेभोवती गुंडाळत नाही. पर किंचित वाकवला तर वजन एका बाजूला सरकतं आणि दोन तारा एकमेकींपासून लांब राहतात. एवढ्यासाठी तसलं वजन घ्यायचं असेल तर जरूर घ्या. खोलीसाठी घेत असाल तर ते पैसे बारीक तारेवर घाला.