रिटर्न भरलं नसलं तरी भरपाई मिळते

"अपघातात मृत्यू झाला आणि त्या व्यक्तीने सलग तीन वर्षं आयकर रिटर्न भरलं असेल, तर सरकारला त्याच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रक्कम कुटुंबाला द्यावीच लागते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 166." खाली सर्वोच्च न्यायालयातल्या एका अपिलाचा क्रमांक आणि सगळ्या ग्रुपवर पाठवा असा आग्रह.

हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. परवा तो माझ्या मावसबहिणीकडे पोचला. तिचा नवरा गवंडीकाम करायचा, महामार्गावर टेम्पोने उडवलं. मेसेज वाचून तिने फोन केला, "दादा, यांनी तर कधी रिटर्न भरलंच नाही. मग आम्हाला काहीच नाही का?" दिराने तर वकील गाठण्यात अर्थ नाही असं सांगूनही टाकलं होतं. पुढे ढकलणाऱ्यांना वाटतं आपण लोकांचं भलं करतोय. प्रत्यक्षात ज्यांना पैशाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच हा मेसेज दारातून परत पाठवतो.

कलम 166 काढून वाचा. भरपाईसाठी अर्ज कोणी, कुठे आणि किती मुदतीत करायचा, हेच त्यात आहे. रिटर्नचा शब्द नाही, दहापटीचा नाही. गवंड्याचं उत्पन्न ठेकेदाराच्या साक्षीने, बँकेच्या पासबुकाने दाखवता येतं. कागद काहीच नसेल तर हे दावे ऐकणारं मोटार अपघात दावा प्राधिकरण किमान वेतनाचा आधार घेऊन उत्पन्न धरतं. पगार न घेणाऱ्या गृहिणीच्या कामाचंही मोल धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कीर्ती खटल्यात पुन्हा बजावलं आहे.

आता ते 'दहापट'. भरपाईचा आकडा या प्राधिकरणाचे न्यायाधीश ठरवतात. सारख्या परिस्थितीतल्या दोन घरांना दोन ठिकाणी वेगळे आकडे मिळू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला कितीने गुणायचं ते आकडे, ठरवून दिले, आणि 2017 मध्ये प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम ठेवून उत्पन्नातल्या भविष्यातल्या वाढीची टक्केवारीही ठरवली. हा एक निकाल वाचला तरी मेसेज निकालात निघतो.

हिशोब असा. वय 38, महिना 15,000 सिद्ध झाले, म्हणजे वर्षाला 1,80,000. पगारदार नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसासाठी त्यात 40 टक्के वाढ: 2,52,000. मागे बायको, दोन मुलं आणि आई, म्हणजे चार अवलंबित; त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: 1,89,000. या वयाचा गुणक 15. झाले 28,35,000. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा वेगळ्या. मेसेजच्या दहापटीने 18 लाखच होतात! पासष्टी ओलांडलेल्या माणसासाठी मात्र गुणक 5 आहे, म्हणजे तिथे मेसेज उलट खोटी आशा लावतो.

'सरकार देतं' हेही चूक. रक्कम वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून विमा कंपनी देते, विमा नसेल तर मालकावर येते. सरकारी गाडीने धडक दिली तर सरकार देणं लागतं, तेही मालक म्हणून. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही तर वेगळी योजना आहे, मृत्यूसाठी 2 लाख. आणि कलम 166 खाली चूक समोरच्या चालकाची होती हे दाखवावं लागतं. आपोआप काही मिळत नाही.

एवढं मान्य करतो की रिटर्न असेल तर उत्पन्नाचा तो भक्कम पुरावा ठरतो, विमा कंपनीच्या वकिलाला त्यावर फारसं बोलता येत नाही. दुकानदाराने, ठेकेदाराने ते जरूर भरावं. पण पुरावा असणं वेगळं आणि अट असणं वेगळं.

बहिणीला मी एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आणि टेम्पोच्या विम्याची प्रत गोळा करायला सांगितलंय. 2019 च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यामुळे वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबू नकोस असंही सांगितलं. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी ती राहते तिथल्याच प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ठेकेदार साक्ष द्यायला तयार आहे.